सावलीतले बाशिंग

कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळ्याच्या दिवसांत एखाद्या जुन्या आंब्याकडे मान वर करून पाहिलेत, तर फांदीच्या बेचक्यात पानांचा एक झुपका दिसतो. त्यातली काही पाने हिरवीगार, दोन-तीन फूट लांब, दोन्ही कडांनी खोलवर कातरलेली असतात. त्यांच्या बुडाशी मात्र वीतभर लांबीची, रुंद, तपकिरी पाने असतात. हात लावला तर कागदासारखी कडकड वाजतील अशी. ही आखूड पाने खोडाला चिकटून ताठ उभी राहतात, ती पाहून नवरदेवाच्या कपाळावरचे बाशिंग आठवावे. म्हणून या वनस्पतीचे नाव बाशिंग. लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली हिचे शास्त्रीय नामकरण केले, ते ओक झाडाच्या पानावरून. ओकचे झाड आपल्या खेड्यात कोणी पाहिलेले असणार? मला विचाराल तर आपल्या लोकांचेच नाव अधिक चपखल आहे.

बाशिंग हा एक नेचा आहे. याला फूल नाही, फळ नाही, बी नाही. घरामागे जिथे ऊन पोचत नाही म्हणून गुलाब-शेवंती रुसून बसतात, तिथे हा आनंदाने वाढतो. पण याच्याविषयी दोन गैरसमज आहेत आणि त्यापायी पुष्कळ बाशिंगे फुकट मरतात.

पहिला गैरसमज असा, की हे बांडगूळ आहे. पुष्कळ बागाईतदार आंब्याची साफसफाई करताना कोयत्याने बाशिंगही खरवडून काढतात. बांडगूळ निराळे. त्याची मुळे फांदीच्या आत शिरतात आणि झाडाचा रस शोषतात. ते काढलेच पाहिजे. बाशिंगाची मुळे सालीला नुसती धरून असतात; आत घुसत नाहीत. झाडाकडून ते मागते फक्त जागा. जांभ्या दगडाच्या गडग्यावर, उघड्या कातळावरही बाशिंग उगवते, तिथे ते कुणाचा रस पिणार? हां, एखादी फांदी आतून किडलेली असेल आणि तिच्यावर भला मोठा गड्डा बसला असेल, तर पावसात भिजल्यावर त्या वजनाने ती मोडू शकते. तेवढ्यापुरते हलके करावे.

दुसरा गैरसमज अधिक घातक, कारण तो हौशी माणसांचा आहे. हौसेने बाशिंग आणायचे, कुंडीत माती भरून त्यात पुरायचे, आणि वाळकी पाने दिसतात म्हणून ती ओरबाडून काढायची. झाले! महिनाभरात गड्डा कुजतो. अहो, ती वाळकी पाने म्हणजेच बाशिंगाची कुंडी. ती कोवळी असताना हिरवट असतात, मग लवकरच तपकिरी होतात. पण गळून पडत नाहीत, वर्षानुवर्षे तशीच राहतात. वरून पडणारा पालापाचोळा, धूळ, किड्यामुंग्यांनी आणलेली माती, सारे त्यांच्या ओंजळीत साठते आणि कुजून खत होते. बाशिंगाची मुळे त्या खतात पसरतात. जमिनीपासून वीस हात उंचीवर माती कुठून आणायची, हा प्रश्न या वनस्पतीने असा सोडवला आहे. ते पान काढणे म्हणजे तिच्या पुढ्यातले ताट उचलणे.

तेव्हा लावायचे कसे? जंगलातली, विशेषतः देवराईतली झाडे सोलून बाशिंग आणू नये. मृगाच्या वाऱ्यापावसात आंब्या-फणसाच्या फांद्या मोडून पडतात, त्यांवर हवे तितके मिळते; किंवा शेजाऱ्याच्या गड्ड्यातला तुकडा मागून घ्यावा. बाशिंगाचे आडवे खोड बोटापेक्षा जाड असते आणि त्यावर तपकिरी, केसाळ खवले असतात. वीतभर तुकडा घ्यावा, आणि त्याला वाढते टोक असलेच पाहिजे. आंबा किंवा फणस, म्हणजे खरबरीत सालीचे झाड निवडावे. पेरूची साल सुटून पडते, तिथे मुळांना धर मिळत नाही. खोडाच्या सावलीच्या बाजूला नारळाच्या सोडणाचा तुकडा ठेवून त्यावर बाशिंग काथ्याने बांधावे. तार वापरू नये. ती सालीत रुतते. झाड नसेल तर घराच्या उत्तरेची जांभ्याची भिंतही चालते. सावली पाहिजे, पण काळोख नको. सकाळचे कोवळे ऊन लागले तर उलट बरेच.

जूनमध्ये बांधलेले बाशिंग पाऊस सरेपर्यंत बहुधा मुळे धरते. मग काथ्या आपोआप कुजून गेला तरी हरकत नाही. वर्षातून एकदा मूठभर कुजलेला पाला वाळक्या पानांच्या ओंजळीत टाकावा. याहून खत नको. पावसाळ्यात गोगलगाई कोवळे कोंब खातात, त्या रात्री कंदील घेऊन वेचाव्यात. थंडी सरली की हिरव्या पानांचे कातरे गळतात आणि नुसत्या काड्या उरतात. त्या दिवसांत कित्येक घरांतून 'गेलं हो बाशिंग' असे म्हणून ते उकिरड्यावर जाते. ते गेलेले नसते, निजलेले असते. पहिल्या पावसाबरोबर उठते.

शिक्षक मंडळींसाठी यात एक चांगला धडा आहे. पावसाळा संपताना हिरव्या पानाची पाठ पाहावी. शिरांच्या मधून तपकिरी ठिपक्यांच्या ओळी दिसतील. पान कागदावर रात्रभर पालथे ठेवले, की सकाळी कागदावर बारीक भुकटी पडलेली असते. ती याची बीजुके. विटेचा तुकडा पाण्यात उकळून घ्यावा, निवल्यावर बशीतल्या पाण्यात उभा करावा, त्यावर ही भुकटी फुंकरीने उडवावी आणि वर काचेची बरणी पालथी घालावी. काही आठवड्यांनी वीट हिरवट दिसू लागते, आणि पुढे तिच्यावर नखाएवढे, बदामाच्या आकाराचे हिरवे पापुद्रे येतात. हा अजून नेचा नव्हे. या पापुद्र्यावर नर आणि मादी पेशी तयार होतात, आणि नर पेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत मादीपर्यंत जातात. ओल नसेल तर गाठ पडत नाही. सावलीच्या, दमट जागी नेचे का उगवतात, याचे एक कारण मुलांना इथे डोळ्यांसमोर दाखवता येते. हॉफमाइस्टर या जर्मन शास्त्रज्ञाने नेच्यांच्या या दोन पिढ्यांचा क्रम १८५१ साली उलगडून दाखवला. 

गाठ पडल्यावर त्या पापुद्र्यातून इवलेसे पान वर येते. तपकिरी बाशिंगे धरायला त्याला बराच काळ लागतो. तोवर वीट वर्गाच्या खिडकीत न ठेवता, दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत कोणी पाणी घालील अशा एखाद्या घराच्या पडवीत ठेवावी.