नेमकं इंग्रजी – ९ : शब्दाचं कूळ विचारा

गृहकर्ज काढलेल्या प्रत्येकाच्या फाइलीत दोन कागद असतात. एक म्हणजे बँकेचं सुरुवातीचं पत्र. कर्जाला तत्त्वतः मंजुरी मिळाल्याचं, म्हणजे ‘इन-प्रिन्सिपल अप्रूव्हल’चं. दुसरा हप्त्यांचा तक्ता. त्यात मुद्दल आणि व्याज असे वेगळे रकाने असतात आणि मुद्दलाच्या रकान्यावरही ‘प्रिन्सिपल’च लिहिलेलं असतं. उच्चार एकच, देवनागरीतही अक्षरं तीच. पण तत्त्वाच्या प्रिन्सिपलचा शेवट एल-ई असा होतो आणि मुद्दलाच्या प्रिन्सिपलचा ए-एल असा. ही अदलाबदल अर्जांत, सोसायटीच्या इतिवृत्तांत, कॉलेजच्या परिपत्रकांत सर्रास दिसते. साधा स्पेलचेकर तिच्याखाली लाल रेघही ओढत नाही, कारण दोन्ही शब्द कोशात आहेत.

मागच्या भागात आपण न उच्चारली जाणारी अक्षरं पाहिली. त्यांच्याच शेजारचा हा विषय : कानाला एक, कागदावर दोन. शाळेत यावर एकच उपाय सांगितला जातो, तो म्हणजे जोड्यांची यादी पाठ करणं. हे देअर म्हणजे ‘तिथे’, ते देअर म्हणजे ‘त्यांचा’. माझं स्पष्ट मत आहे की या पद्धतीने गोंधळ जातच नाही, उलट पक्का होतो. दोन शब्द शेजारीशेजारी घोकले की ते एकमेकांना चिकटूनच लक्षात राहतात आणि ऐन लिहिताना दोन्ही एकदम समोर येतात. त्यांना आधी वेगळं करायला हवं आणि प्रत्येकाला त्याच्या त्याच्या भावकीत नेऊन बसवायला हवं.

ही भावकी कुठून आली, ते थोडक्यात सांगतो. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. छपाईमुळे पुढच्या दोन शतकांत स्पेलिंगं हळूहळू स्थिरावत गेली आणि नेमक्या त्याच काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर आमूलाग्र बदलत होते. ‘मीट’ म्हणजे भेटणं यातला डबल-ई आणि ‘मीट’ म्हणजे मांस यातला ई-ए, हे पूर्वी दोन निराळे स्वर होते. ऐकणाऱ्याला फरक कळायचा, म्हणून लिहिणाराही तो दाखवायचा. पुढे दोन्ही ‘ई’त मिसळले, लिखाण मात्र जागच्या जागी राहिलं. ‘नाइट’ म्हणजे सरदार, त्यातला ‘के’ एके काळी खरोखर उच्चारला जात होता. आपल्याला हे नवं वाटू नये. ‘श’ आणि ‘ष’ आपण आजही वेगळे लिहितो, पण बोलताना तो फरक बहुतेकांनी केव्हाच सोडून दिला आहे.

इंग्रजी स्पेलिंग उच्चार नीट सांगत नाही, पण नातं बऱ्यापैकी सांगतं. ‘हील’ घ्या. जखम भरून येणं आणि पायाची टाच, दोन्ही हीलच. भरून येण्याचा भाऊ ‘हेल्थ’. हेल्थमध्ये ई-ए आहे, म्हणून या हीलमध्येही ई-ए. टाचेचा हेल्थशी संबंध नाही, तिला डबल-ई. ‘स्टील’चं तसंच. चोरण्याचा नातलग ‘स्टेल्थ’, म्हणून ई-ए. पोलादाला डबल-ई. आकडा ‘टू’ यातला डब्ल्यू कशाला, असा प्रश्न मुलं हमखास विचारतात. ट्वाइस, ट्वेल्व्ह, ट्वेंटी, ट्विन ही सगळी दोनाचीच मंडळी आहेत आणि त्यांच्यात तो डब्ल्यू आजही ऐकू येतो. एकदा ही ओळ म्हणून पाहिली की आकड्यातला डब्ल्यू पुन्हा विसरत नाही.

मालट्रकच्या मागे पांढऱ्या रंगात लिहिलेलं असतं : एअर ब्रेक, अंतर ठेवा. कितीतरी ट्रकांवर हा ब्रेक बी-आर-ई-ए-के असा रंगवलेला असतो. हा मोडण्याचा ब्रेक. याच्या घरात ब्रोक, ब्रोकन आणि ब्रेकफास्ट. ब्रेकफास्ट म्हणजे रात्रीचा उपास मोडणं, आणि त्यातलं ई-ए रोज सकाळी हॉटेलच्या पाटीवर आपल्याला दिसतं. गाडी थांबवणारा ब्रेक बी-आर-ए-के-ई.

आता शाळेसमोरचं दुकान. झेरॉक्स, लॅमिनेशन, स्टेशनरी. पाटीवरच्या इंग्रजी स्टेशनरीत शेवटाला ए-आर-वाय दिसलं तर ते ‘एका जागी स्थिर’ असं विशेषण झालं. वह्या-पेनांची स्टेशनरी ई-आर-वाय. बेकरची बेकरी, ग्रोसरची ग्रोसरी, तशी स्टेशनरची स्टेशनरी. हा स्टेशनर कोण? मध्ययुगीन युरोपात फिरते विक्रेते पुष्कळ होते. विद्यापीठांच्या गावांत मात्र पुस्तकं विकणारे काहीजण एका ठिकाणी बैठक मारून धंदा करत. त्या ठाम जागेवरून त्यांना हे नाव पडलं. लंडनमध्ये त्यांचा संघ १४०३ मध्ये स्थापन झाला आणि १५५७ मध्ये त्याला राजसनद मिळाली. म्हणजे हे दोन्ही शब्द मुळात एकाच घरचे, ‘उभं असणं’ या अर्थाचे. पण ई असलेल्या शब्दात तो दुकानदार अजून शाबूत आहे, तेवढं धरून ठेवा.

प्रिन्सिपलही असाच सोडवता येतो. नॅशनल, सेंट्रल, लोकल, रॉयल या सगळ्या विशेषणांच्या शेवटी ए-एल आहे. मुद्दल म्हणजे मूळची ‘मुख्य रक्कम’ आणि प्राचार्य म्हणजे ‘मुख्य शिक्षक’. पुढचं नाम झिजून गेलं, विशेषण एकटं उरलं, पण ए-एल सोडलं नाही. एल-ईचा प्रिन्सिपल तत्त्वाचा. ते तत्त्व कधीच विशेषण नव्हतं.

‘देअर’साठी तर यादीची गरजच नाही. तिथे, इथे, कुठे हे तीन शब्द इंग्रजीत एकाखाली एक लिहा. तिन्हींच्या पोटात एच-ई-आर-ई सापडेल. ‘त्यांचा’ या अर्थाचा देअर ‘दे’ या सर्वनामाचा. दे, देअर, देम हे शब्द स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांनी इंग्रजीला दिले. दे-च्या शेवटचा वाय देअरमध्ये आय झाला, एवढाच फरक.

कूळ दर वेळी साथ देतं असं मात्र नाही. ‘संपूर्ण’ या अर्थाचा होल हा हील आणि हेल्थ यांचाच नातलग, पण त्याच्या पुढे मागाहून एक डब्ल्यू लावला गेला आणि भावंडांत तो कुठेच नाही. फुलाचा फ्लॉवर आणि पिठाचा फ्लावर हे मुळात एकच. दळलेल्या धान्यातला उत्तम भाग तो त्याचं ‘फूल’, अशी ती कल्पना. वेगळी स्पेलिंगं पक्की व्हायला अठरावं-एकोणिसावं शतक उजाडलं. असे शब्द सरळ पाठ करावेत.

१९१९ मध्ये इंग्लंडचे राजकवी रॉबर्ट ब्रिजेस यांनी या विषयावर एक पुस्तिका लिहिली. तिच्यात त्यांनी अशा शब्दांचे आठशेंहून अधिक गट जमवले. दक्षिण इंग्लंडच्या बोलण्यातून ‘आर’ गळत चालल्यामुळे ही संख्या आणखी वाढते आहे, ही त्यांची मोठी चिंता होती. लंडनच्या मुलाला ‘सॉस’ आणि ‘सोर्स’ एकसारखे ऐकू येतात. आपण आर खणखणीत म्हणतो, त्यामुळे तिथे आपला गोंधळ होत नाही. याचा अर्थ असा की गोंधळाची यादी कानागणिक बदलते, आणि बाहेर छापलेली पुस्तकं मराठी कानाची यादी देत नाहीत.

ती आपली आपणच करायला हवी. पहिला मान ‘लूज’ला. कपडे लूज होतात, तेल लूज मिळतं. इंग्रजीत हा शब्द ‘लूस’ आहे, डबल-ओचा. हरवणं किंवा हरणं यासाठी ‘लूझ’, एकाच ओचा. आपण दोन्ही लूज म्हणतो, म्हणून पावती हरवू नका असं लिहिताना ती ‘सैल’ होऊन बसते. इथेही नातलग धावून येतो : लॉस्टमध्ये ओ एकच आहे, म्हणून लूझमध्येही एकच.

दुसरा आपला ‘वेस्ट’. दादर वेस्ट, वेस्ट पेपर, शिंप्याच्या वहीतली वेस्ट म्हणजे कंबर, आणि आत घालायची बनियन ती वेस्ट. इंग्रज कानाला यातले टाकाऊ आणि कंबर हे दोनच सारखे, आपल्याला चारही. कंबरेच्या वेस्टमध्ये ए-आय आहे. तिच्यातूनच वेस्टकोट आला, आपल्या आजोबांचं वास्कट. बनियनसाठी मात्र मराठी लेखनानेच सोय करून ठेवली आहे. आपण व्हॅन, व्होट, व्हिसा लिहितो तिथे व्ही असतो आणि वायर, वॉर्ड, वॉटर लिहितो तिथे डब्ल्यू. म्हणून बनियन ‘व्हेस्ट’. बोलताना हा ‘ह’ आपण गिळतो, पण मराठीत काळजीपूर्वक लिहिलेला शब्द इंग्रजी स्पेलिंग सांगतो. आपल्या लिपीची ही मदत शाळेत कुणी दाखवून देत नाही, याची मला खंत वाटते.

तिसरा ‘वेव्ह’. विलंब शुल्क माफ करा, या अर्जात विद्यार्थी डब्ल्यू-ए-व्ही-ई लिहितात. ती लाट, किंवा हात हलवणं. माफ करण्याच्या वेव्हमध्ये ए-आय हवेत. त्याचा नातलग कर्जमाफीच्या प्रत्येक इंग्रजी बातमीत भेटतो, ‘लोन वेव्हर’. त्यातला आय काढला तर कर्ज माफ होत नाही, डळमळू लागतं.

या आठवड्यासाठी एक वाक्य. घरातल्या कुणालातरी मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही इंग्रजीत उतरवा : ‘वी हर्ड दॅट द होल हर्ड वॉज ग्रेझिंग देअर, नॉट इन देअर फील्ड.’ दोन हर्डपैकी एकाचं कूळ ‘हिअर’, दुसऱ्याचं ‘शेफर्ड’. पुढच्या भागात ‘इट्स’ची जोडी आणि तिच्यामधलं ते स्वल्पविरामासारखं चिन्ह घेऊ.