ट्रॉलीच्या मागचा नंबर

सकाळी 8:30. कापसाच्या हंगामात यवतमाळातल्या वकिलाकडे पहिला पक्षकार बहुधा ट्रॅक्टरवाला. राळेगावकडचे एक काका आलेत. ट्रॅक्टरवर एमएच-29, ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर एमएच-32. "ट्रॉली माहीच हाय, वकीलसाहेब. हिंगणघाटहून घेतली, नंबर तेवढा जुना राह्यला." रात्री कागद दाखवता आले नाहीत, गाडी ठाण्यात, कापूस ट्रॉलीतच.

10:30. ठाण्यात मोटार वाहन निरीक्षक ट्रॉलीखाली वाकतात, चिंधीने गंज पुसून चासीवर कोरलेले आकडे कागदाशी ताडतात. जुळले! नोंदणी आहे, फक्त नाव बदललेलं नाही. खरेदी करणाऱ्याने 30 दिवसांत कळवायचं असतं. मोटार वाहन कायदा 1988चं कलम 61 सांगतं की ट्रॉलीचा स्वतःचा नंबर बाजूवर हवा आणि मागे तिला ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा. म्हणजे ट्रॉली दुसऱ्या ट्रॅक्टरला जोडली, की मागचा नंबर चुकीचा झालाच. विकताना हे कुणी सांगत नाही, याची मला चीड येते.

12:00. कोर्टात ट्रॉलीचीच दुसरी प्रकरणं. नोंदणीच नसेल तर पहिल्यांदा 2 ते 5 हजार दंड, पुन्हा सापडल्यास 10 हजारांपर्यंत दंड किंवा वर्षापर्यंत कैद. मुद्दाम दुसऱ्याचा नंबर लावून वाळू वाहणाऱ्यावर फसवणुकीचा गुन्हाही लागू शकतो. ती वकीलपत्रं मी घेत नाही.

3:00. अपघात दावा न्यायाधिकरण. करंजी रस्त्यावर अंधारात उभ्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळली, चालवणारा गेला. त्याची बायको मागच्या बाकावर बसलीय, मांडीवर फाइल. साक्षीदाराने पाहिला तो फाळक्यावरचा नंबर. तो निघाला ट्रॉली कधीच विकून टाकलेल्या माणसाच्या ट्रॅक्टरचा. त्याची विमा कंपनी म्हणते, आमचा ट्रॅक्टर घरी होता. तेही खरंच. खरा ट्रॅक्टर कोणता, त्याचा विमा होता का, हे सिद्ध होईपर्यंत भरपाई कुणाकडून मागायची? दंडाची पावती पाहून लोक सुटलो म्हणतात. त्या चुकीच्या नंबराचा खरा भार या बाईवर पडलाय. आज पुन्हा तारीख. मी ट्रॉलीच्या विक्रीचा कागद आणि ताबा कुणाकडे होता याची साक्ष मागितली आहे.

6:00. काकांची गाडी सुटली. नावबदलाचे फॉर्म भरून झाले. पेंटर फाळक्यावरचा नंबर खरवडतोय. तिथे काकांच्या ट्रॅक्टरचा येईल. बाजूचा एमएच-32 मात्र मी खोडू दिला नाही. तो ट्रॉलीचा स्वतःचा आहे.