कबुतरं, अंगठे आणि पनवेल लोकल

वाशी सुटून गाडी खाडीपुलावर आली, की पूर्वी डब्याच्या दारातून निर्माल्य टाकणारे हात दिसत. आता दिसतात ते अंगठे, खालून वर सरकणारे. परवा शेजारचे काका पुटपुटले, "या पोरांना कंट्रोल म्हणून नाही." त्यांचा स्वतःचा अंगठा रील्सवरच होता.

सगळा दोष मनोनिग्रहाचा, हा पहिला गैरसमज. पूर्वी वेबसाइटचं पान संपायचं, पुढच्या पानासाठी बटण दाबावं लागायचं; तेवढ्यात 'पुरे आता' असं वाटायला वाव मिळे. २००६ मध्ये अझा रॅस्किन या डिझायनरनं न संपणारं पान घडवलं (पुढे त्याबद्दल जाहीर खंतही व्यक्त केली). पंगतीत आपण पानावर हात आडवा धरण्याआधीच वाढप्यानं वाढून मोकळं व्हावं, तसं.

डेटिंग अ‍ॅपचं प्रकरण याहून मासलेवाईक. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत दिसलं, की दर टोचणीला दाणा मिळण्यापेक्षा तो कधी मिळेल याचा नेम नसला, तर कबुतर जास्त चिवटपणे टोचत राहतं. टिंडरचे सहसंस्थापक जोनाथन बदीन यांनी २०१८ च्या एका माहितीपटात, चेहरे डावी-उजवीकडे सरकवण्याच्या कल्पनेमागे या प्रयोगांचाही हात असल्याचं सांगितलं.

आणि इकडे ऐरोलीत रात्रपाळी करून खोलीवर आलेला मुलगा, 'मॅच' मिळत नाही म्हणून आरशात स्वतःचं नाक तपासतो! खोट माझ्यातच, हा त्याचा समज. वस्तुस्थिती अशी, की भारतात या अ‍ॅपांवर पुरुषांची गर्दी बायकांच्या कितीतरी पट आहे. शिवाय कोणाचा चेहरा कोणाला आधी दाखवायचा हे अ‍ॅप ठरवतं, आणि जास्त जणींना दिसायचं तर 'बूस्ट'चे पैसे मोजावे लागतात. पनवेल लोकलच्या जनरल डब्यात खिडकी मिळाली नाही, तर कोणी स्वतःला कुरूप ठरवत नाही.

मग अ‍ॅप काढून टाकलं की मन ताळ्यावर? २०१८ मध्ये अमेरिकेत अर्थशास्त्रज्ञांनी काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं. रोजचा सुमारे तासभर मोकळा झाला, मनही हलकं झालं, पण थोडंच. 'मोबाइलनं पिढी बरबाद' ही आरोळी म्हणूनच मला पोकळ वाटते. रात्री दोन वाजता एकट्यानं चेहरे सरकवणं आणि गावाकडच्या आईशी व्हिडिओ कॉलवर बोलणं, स्क्रीन-टाइमच्या हिशोबात दोन्ही सारखंच.

'अ‍ॅपांच्या या क्लृप्त्यांना कायदाच नाही' हेही अर्धसत्य. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं फसव्या डिझाइनच्या १३ प्रकारांवर बंदी घातली. वर्गणी सुरू करायला एक बटण आणि बंद करायला सतरा दारं, हा 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' त्यात आहे. सतत टुमणं लावणंही आहे. तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. न संपणारं पान मात्र त्या तेरांत नाही.