हिमनदी मागे हटते, म्हणजे नेमके काय होते?

वास्कोतील हेडलँड सडा येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र गोमंतकीयांना परिचित आहे. भारताच्या अंटार्क्टिका मोहिमांची आखणी तेथूनच होते. याच केंद्रातर्फे उत्तर ध्रुवापासून सुमारे १,२०० किलोमीटरवर, स्वालबार्ड द्वीपसमूहातील न्यू-ओलेसुंड येथे, २००८ पासून ‘हिमाद्री’ हे संशोधन स्थानक चालवले जाते. हे स्थानक कोंग्सफ्योर्ड या खाडीच्या काठी वसले असून खाडीच्या आतल्या टोकाला क्रोनेब्रेन ही हिमनदी थेट समुद्रात उतरते. अशा हिमनद्यांचा वेग आणि त्यांची माघार हा आज जगभरच्या अभ्यासकांच्या चिंतेचा विषय आहे.

आपल्याला ठाऊक असलेली गंगोत्री हिमनदी गोमुखाशी, जमिनीवरच संपते. तिचा बर्फ वितळतो आणि पाणी नदीतून वाहून जाते. समुद्रात संपणाऱ्या हिमनदीचा बर्फ मात्र दोन वाटांनी नष्ट होतो. कड्याचे तुकडे तुटून त्यांचे हिमनग होतात आणि पाण्याखालचा भाग समुद्राच्या उष्णतेने झिजतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हिमनदी ‘मागे हटते’ तेव्हा तिचा बर्फ मागे जात नसतो. तो सदैव समुद्राकडेच सरकत असतो. समजा, बर्फ वर्षाला ५०० मीटर पुढे आला आणि मुखाशी ६०० मीटर नष्ट झाला, तर मुख १०० मीटर मागे गेले असे म्हणावयाचे. म्हणूनच एखादी हिमनदी अधिक वेगाने वाहत असतानाच अधिक मागे हटू शकते.

किंबहुना ही माघारच वेग वाढवते. मुखाजवळचा बर्फ दरीच्या भिंतींना आणि तळाला घासत मागच्या बर्फाला थोपवून धरतो. तो तुटला की मागचा बर्फ मोकळा होतो, ताणला जातो, पातळ होतो आणि आणखी सहज तुटतो. तळ आतल्या बाजूला खोल होत गेला असेल, तर हे चक्र थांबणे अधिकच कठीण होते.

ग्रीनलंडमधील याकोब्सहावन हिमनदी हे याचे ठळक उदाहरण. १९९२ मध्ये तिचा वेग वर्षाला सुमारे ५.७ किलोमीटर होता. तिच्या मुखाशी तरंगणारा बर्फाचा पट्टा मोडत गेला आणि २००३ पर्यंत हा वेग १२.६ किलोमीटरवर पोहोचला. पुढे २०१६ पासून काही वर्षे तिचा वेग मंदावला आणि मुख पुढेही सरकले. त्या काळात खाडीत थंड पाणी आले होते. म्हणजे हिमनदी सावरली असे नव्हे, तर समुद्राने तिला काही काळ उसंत दिली होती.

क्रोनेब्रेनसह स्वालबार्डमधील तीन हिमनद्यांच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच दिसले. मुखाशी होणारी बर्फाची हानी हवेपेक्षा समुद्राच्या आतल्या पाण्याच्या तापमानाशी अधिक जुळत होती. म्हणूनच कोंग्सफ्योर्डमध्ये भारताने जुलै २०१४ मध्ये १९२ मीटर खोलीवर उतरवलेली ‘इंडआर्क’ ही निरीक्षण यंत्रणा मोलाची ठरते. पाण्याचे तापमान आणि क्षारता यांची नोंद ती वर्षभर घेते.

आधीच पाण्यावर तरंगणारा बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही. जमिनीवर टेकलेला बर्फ समुद्रात आला की मात्र ती वाढते. २००६ ते २०१८ या काळात जागतिक सरासरी पातळी वर्षाला सुमारे ३.७ मिलिमीटरने वाढली. ही वाढ सर्वत्र सारखी नसते. ग्रीनलंडचा बर्फ घटला की त्याचे गुरुत्वाकर्षणही घटते. त्यामुळे त्याच्या लगतचे पाणी ओसरते आणि दूरच्या उष्ण कटिबंधात सरासरीहून अधिक चढते.

गोव्याच्या खाजन शेतीचे बांध आणि मानशी आपल्या पूर्वजांनी भरतीचा अंदाज घेऊन उभारल्या. तो अंदाज ज्या समुद्रपातळीवर बेतला होता, तीच आता स्थिर राहिलेली नाही. खाऱ्या पाण्याला शेताबाहेर ठेवणारा बांध किती उंच हवा, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच काही अंशी आर्क्टिकच्या खाडीतही शोधावे लागणार आहे.