उथळ ओढ्यातले सोने

सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही ओढ्याला चांगला पाऊस होऊन पाणी आले आणि ओसरले, की मोठ्या दगडांच्या आडोशाला काळ्या, चकचकीत वाळूच्या रेघा उमटलेल्या दिसतात. त्यांवरून लोहचुंबक फिरवला तर ती वाळू त्याला काटेरी होऊन चिकटते. आपल्या काळ्या पाषाणातून सुटलेले हे लोहखनिज, मॅग्नेटाइट. त्याला बाकीच्या वाळूतून वेगळे कोणी काढले? वाहत्या पाण्याने. साधी वाळू पाण्याच्या सुमारे २.६५ पट जड, मॅग्नेटाइट ५.२ पट आणि सोने १९.३ पट. पाण्यात बुडालेली वस्तू आपल्याएवढ्या आकाराच्या पाण्याइतके वजन गमावते. त्यामुळे पाण्याखाली वाळूचे वजन १.६५ उरते आणि सोन्याचे १८.३, म्हणजे सोने वाळूच्या अकरा पट जड भरते. एवढी मोठी तफावत हाताशी असताना सोने धुणाऱ्याच्या पन्हळीतून सोने वाहून जातेच कसे? उथळ ओढ्यावर याचे एकच उत्तर ऐकू येते: पाणी कमी पडते. हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचे असते. पाणी असते, ते पसरलेले असते आणि त्याला उतार मिळालेला नसतो.

हा प्रश्न सोलापूरकरांना परका वाटेल, कारण सीना-भोगावतीच्या वाळूत सोने नाही. दख्खनच्या लाव्हाच्या खडकात सोन्याचा अंश नावापुरताच असतो. पण होटगीवरून विजयपूरमार्गे गदगला उतरले की खडक बदलतो. तिथल्या कप्पतगुड्डाच्या टेकड्यांत धारवाडी खडक आहेत, आणि त्यांतून निघणाऱ्या ओढ्यांच्या गाळातून जलगार नावाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या सोने धूत असत. रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाने १८७४ मध्ये या डंबळ टेकड्यांच्या सोनेरी खडकांवर लिहिले आहे. त्याच जातीच्या खडकांत रायचूर जिल्ह्यातली हट्टीची खाण आजही चालू आहे. इकडे वैनगंगेच्या खोऱ्यात सोनझारी हेच काम करत आले. आणि सराफ बाजारांत दुकानांतला केर आणि गटारातला गाळ धुऊन कानसकामाचा कीस गोळा करणारे झारेकरी आहेतच. ओढा असो की गटार, पाण्याचे गणित एकच.

पन्हळ म्हणजे दोन्ही टोके उघडी असलेली लाकडी किंवा पत्र्याची लांबट पेटी. तळाशी आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात. पाणी पट्टी ओलांडते तेव्हा तिच्यामागे छोटासा भोवरा तयार होतो. तो हलकी वाळू उचलून पुढे ढकलतो आणि जड कण खाली सोडतो. हा भोवरा जिवंत राहणे, एवढ्यावर सगळे काम उभे आहे. आता हिशेब करून पाहू. पन्हळ २५ सेंटीमीटर रुंद, पाणी ५ सेंटीमीटर खोल आणि वेग सेकंदाला सुमारे ९० सेंटीमीटर धरला, तर लागणारे पाणी सेकंदाला ११ लिटर. उलट तीन मीटर रुंद, तेवढाच ५ सेंटीमीटर खोल आणि सेकंदाला जेमतेम १५ सेंटीमीटर सरकणारा ओढा घ्या. घोटासुद्धा भिजत नाही, पण त्यातून सेकंदाला बावीस लिटर जातात. गरजेच्या दुप्पट! दोन्ही बाजूंनी दगड-गोट्यांचे तिरके बांध घालून आणि फटींत गाळाची पोती दाबून हे पाणी पन्हळीच्या तोंडाशी आणले, की टंचाईची तक्रार बरीचशी मिटते.

बरीचशी, पण पूर्ण नाही. कारण वेग रुंदीइतकाच उतारातून येतो. पन्हळीला साधारण बारास एक उतार लागतो, म्हणजे सव्वा मीटर लांबीत दहा सेंटीमीटर. ओढ्याचा स्वतःचा उतार शंभरास एक असेल तर तेवढ्या लांबीत त्याच्याकडे सव्वा सेंटीमीटरच आहे. पन्हळ तशीच ओढ्यात ठेवली तर पाणी रेंगाळत बसते, पट्ट्यांमागे वाळू दाटून बसते आणि सोने त्या गच्च थरावरून घसरत निघून जाते. यावर उपाय आपल्या शेतकऱ्यांना शेकडो वर्षे ठाऊक आहे. धुळे-नंदुरबारकडच्या फड पद्धतीत पांझरेवर वरच्या अंगाला बंधारा घालून पाट काढतात. पाटाचा उतार नदीपेक्षा कमी, म्हणून जसजसे पुढे जावे तसतसे पाटाचे पाणी नदीच्या वर राहते आणि शेतात शिरते. ओढ्यात हेच लहान प्रमाणात करायचे. बारा-पंधरा मीटर वरून पाणी पाइपात किंवा काठालगतच्या सपाट चरात घेतले, तर पन्हळीच्या तोंडाशी हवी तेवढी उंची हाती येते. खालच्या टोकाला धुतलेल्या वाळूचा ढीग साचू न देणे हेही त्यातलेच. तो ढीग पाणी मागे दाबतो आणि मोठ्या कष्टाने मिळवलेला उतार गिळतो.

यावर कोणी म्हणेल, मग मोटार लावून भरपूर पाणीच का सोडू नये? कारण सोने ओढ्यात गोट्यांसारखे येत नाही. बहुतेक ते पापुद्र्यासारखे चपटे, मिलिमीटरच्याही लहान भागाचे असते. चपटा कण जड असला तरी पाण्यावर तरंगल्यासारखा वाहतो. वेग गरजेपेक्षा वाढला की भोवरा पट्टीमागचा कोपरा खरवडून साफ करतो, आणि पकडलेले सोनेही उचलतो. लोकांना जास्त पाणी लागते ते सोन्यासाठी नव्हे, दगड ढकलण्यासाठी. पाणी किती मोठा दगड ढकलेल हे ढोबळमानाने खोली आणि उतार यांच्या गुणाकारावर ठरते. म्हणून आधी चाळणीने बोटाच्या पेरापेक्षा मोठे गोटे बाजूला काढले, तर निम्म्या पाण्यातही पन्हळ चालते. मला तर उथळ ओढ्यावर चाळण ही पन्हळीइतकीच महत्त्वाची वाटते. माल ओतायचा तोही मुठीमुठीने. घमेले एकदम पालथे केले की सगळे भोवरे एका क्षणात बुजतात. प्रवाह बरोबर आहे की नाही हे डोळ्यांनी कळते. पट्टीमागे काळी वाळू सतत सळसळत असेल आणि तिच्यावरून पिवळट वाळू पुढे जात असेल, तर ठीक. शंका वाटली तर शेपटाकडचा गाळ काथवटीत घेऊन पुन्हा धुऊन पाहावा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: ओढ्यात हात घालावाच का? तो मला मान्य आहे. सोने हे प्रमुख खनिज असल्याने १९५७ च्या खाण-खनिज कायद्याखाली परवान्याशिवाय काढता येत नाही, आणि कप्पतगुड्डा २०१९ पासून अभयारण्य आहे. कॅलिफोर्नियात पाण्याच्या फवाऱ्यांनी डोंगर पाडून सोने काढताना खालच्या शेतांवर इतका गाळ आला, की १८८४ मध्ये न्यायालयाला तो नदीत सोडणे बंद करावे लागले. म्हणूनच हे गणित आज ओढ्यापेक्षा सराफ बाजारात जास्त कामाचे आहे. झारेकरी गाळ धुऊन शेवटी पाऱ्याने सोने गोळा करतात आणि पारा उडवण्यासाठी तो तापवतात. ती वाफ आधी त्यांच्याच फुप्फुसात जाते. घरात तापवले तर मुलांच्याही. पाऱ्याचा वापर आटोक्यात आणणारा मिनामाता करार भारताने २०१८ मध्ये स्वीकारला, पण गल्लीतल्या चुलीपर्यंत तो पोचायचा आहे.

पाऱ्याविना बारीक कीस हाती लागत नाही, हे झारेकऱ्यांचे म्हणणे निराधार नाही. पट्ट्यांची उभ्या उताराची पन्हळ तो कीस सोडतेच. पण तिच्यापुढे दुसरी, कमी उताराची आणि पट्ट्यांऐवजी घोंगडी किंवा जाड रेषांचे कापड अंथरलेली पन्हळ जोडता येते. प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्राबोने काळ्या समुद्राकाठी मेंढीच्या लोकरीत सोने धरत असल्याचे नोंदले आहे, ते याच कारणाने: दाट तंतूंच्या तळाशी पाणी जवळजवळ थांबते. दहा सेंटीमीटर रुंद पन्हळीत दीड सेंटीमीटर खोल पाण्याला सेकंदाला अर्धा-पाऊण लिटर पुरते. सोलापूरसारख्या टंचाईच्या शहरात दोन हौद बांधून, एकात गाळ बसू देऊन, तेच पाणी पुन्हा फिरवता येईल. फक्त ते गढूळ होऊ द्यायचे नाही, कारण दाट पाण्यात बारीक कण बसायला वेळ लागतो. घोंगडीतून निघालेला जड गाळ काथवटीत आटवून, त्यातले लोखंड चुंबकाने काढून, उरलेला थेट टाकणखार घालून मुशीत वितळवावा. फिलिपाइन्समधल्या बेंगेट भागातले छोटे खाणकामगार पाऱ्याऐवजी टाकणखारच वापरतात, आणि आपल्याकडे तो प्रत्येक सोनाराच्या फळीवर असतो.