उडवायचे नाणे आणि मुठीतले नाणे



आजच्या स्मृतिव्याख्यानासाठी मी आनुवंशिकता आणि संभाव्यता हा विषय निवडला आहे. शाळेत गणिताचा तास वेगळा आणि जीवशास्त्राचा वेगळा असतो. घरात मूल जन्माला येते तेव्हा मात्र हे दोन्ही विषय एकत्र येतात, आणि तेथे हिशेब चुकला तर त्याची किंमत सबंध कुटुंबाला मोजावी लागते.

बारशाला जमलेली मंडळी 'मूल कोणावर गेले?' याचा निर्णय पाळण्यापाशीच देऊन टाकतात. उंची, वर्ण, चेहऱ्याची ठेवण यांवर अनेक जनुकांचा प्रभाव असतो. उंचीच्या बाबतीत आहाराचाही वाटा मोठा असतो. त्यामुळे अशा गुणांविषयी आगाऊ सांगणे अंदाजापलीकडे जात नाही. काही गोष्टी मात्र जनुकांच्या एकाच जोडीवर ठरतात, आणि तेथे संभाव्यतेचा हिशेब मांडता येतो.

हा हिशेब प्रथम मांडला ग्रेगोर मेंडेल या धर्मोपदेशकाने. ब्रनो येथील मठाच्या बागेत त्याने वाटाण्यावर प्रयोग केले, १८६५ साली त्यांवर व्याख्याने दिली आणि १८६६ साली ते प्रसिद्ध केले. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या झाडांचा संकर केला तेव्हा पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल निघाले. पुढच्या पिढीत ७३२४ दाण्यांपैकी ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले भरले, म्हणजे जवळजवळ तीनास एक. मेंडेलने अनुमान काढले ते असे : प्रत्येक गुणाचे दोन घटक असतात, त्यांपैकी एकच पुढच्या पिढीकडे जातो, आणि दडलेला घटक नष्ट होत नाही.

हेच गणित सिकलसेल या रक्तविकाराला लागू पडते. यात हिमोग्लोबिनच्या जनुकात एक सूक्ष्म बदल झालेला असतो. त्यामुळे तांबड्या पेशी प्रसंगी विळ्यासारख्या वाकतात, लवकर नष्ट होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून असह्य वेदना देतात. विदर्भात हा विकार आढळतो, तसाच आपल्या इंदूरपासून फार दूर नसलेल्या झाबुआ-अलिराजपूर भागातही आढळतो. ज्याच्याकडे एक जनुक सदोष आणि एक निर्दोष असते, त्याला वाहक म्हणतात. तो सामान्यतः निरोगी असतो, आणि म्हणूनच आपण वाहक आहोत हे त्याला ठाऊक नसते.

पती आणि पत्नी दोघेही वाहक असतील तर चार शक्यता संभवतात. दोघांकडून निर्दोष जनुक. आईकडून सदोष, वडिलांकडून निर्दोष. आईकडून निर्दोष, वडिलांकडून सदोष. आणि दोघांकडून सदोष. शेवटच्या शक्यतेतच मूल रोगी होते. म्हणजे संभाव्यता एक चतुर्थांश. सदोष जनुक दोघांकडून आल्याखेरीज हा विकार होत नाही. सगळा दोष सुनेच्या माथी मारणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

आता मुख्य मुद्दा. 'चारांत एक' याचा अर्थ पुष्कळ जण असा घेतात की, पहिले मूल रोगी निघाले, आता पुढची तीन सुखरूप. हा अर्थ चुकीचा आहे. प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी नाणी नव्याने उडवली जातात आणि मागचा निकाल त्यांना ठाऊक नसतो. चार मुले असलेल्या अशा दांपत्यांचा हिशेब केला तर शेकडा सुमारे ३२ घरांत एकही मूल रोगी नसेल, सुमारे ४२ घरांत एक असेल, आणि उरलेल्या सुमारे २६ घरांत दोन किंवा अधिक असतील.

दुसरा प्रश्न रोगी मुलाच्या निरोगी भावाचा. तो वाहक असण्याची संभाव्यता किती? सहज उत्तर येते, निम्मी. पण तो रोगी नाही हे आपल्याला आधीच ठाऊक आहे. म्हणून चौथी शक्यता बाद होते. उरलेल्या तिनांपैकी दोन वाहकाच्या आहेत. उत्तर आहे दोन तृतीयांश.

या दोन अपूर्णांकांत एक मूलभूत भेद आहे. न जन्मलेल्या मुलाचा एक चतुर्थांश म्हणजे अजून उडवायचे असलेले नाणे. या भावाचे दोन तृतीयांश म्हणजे उडवून मुठीत झाकलेले नाणे. त्याचा छापा-काटा जन्माआधीच ठरून गेला आहे. अनिश्चितता आहे ती आपल्या माहितीत. मूठ उघडली की ती संपते, आणि मूठ उघडण्यासाठी एक रक्ततपासणी पुरते. विद्राव्यता चाचणी प्राथमिक शोधासाठी ठीक आहे, पण वाहक आणि रोगी यांतला भेद तिने कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी पुढची तपासणी करावी लागते.

तपासणीत वाहक ठरणे हा कलंक नव्हे, आणि विवाहाला ती आडकाठीही नव्हे. जोडीदाराकडे सिकलसेलचे जनुक नसेल, तसेच थॅलेसेमियासारखा हिमोग्लोबिनचा दुसरा दोषही नसेल, तर मुले फार तर वाहक होतील. दोघेही वाहक असले तरी गर्भावस्थेतील तपासणीचा मार्ग खुला असतो. निर्णय अर्थात त्या दोघांचा. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. त्यातही तपासणी आणि समुपदेशन यांवर भर आहे.

या सभागृहात विवाहयोग्य मुलामुलींचे पालक बसले आहेत, आणि उद्याचे वधूवरही. त्यांना माझी विनंती एवढीच की, पत्रिका पाहायची की नाही हे आपापल्या श्रद्धेप्रमाणे ठरवावे, पण रक्ततपासणी अवश्य करून घ्यावी, आणि तीही बोलणी पक्की होण्यापूर्वी. उडवायच्या नाण्यावर आपली सत्ता चालत नाही. मुठीतले नाणे पाहणे मात्र आपल्या हाती आहे.