ब्रशवर रक्त? दुर्लक्ष नको, बॉस!

सकाळची पनवेल-सीएसएमटी लोकल गाठायची घाई, त्यात बेसिनमध्ये रक्त! ‘ब्रश लागला असेल’ म्हणत मी त्या बाजूला घासणंच सोडलं. सहा महिन्यांनी डेंटिस्टने चांगलंच झापलं. दातांवरचा चिकट थर निघाला नाही की त्याचा कडक टार्टर होतो, हिरड्या सुजतात. इथपर्यंत सगळं बरं होतं. पुढे दाताखालचं हाड झिजलं की ते आपोआप भरून येत नाही. माझं एका दाढेजवळ झिजलंय. स्केलिंगने दात सैल होतात, हा निव्वळ गैरसमज! आणि स्मोकर्स, सिगरेटमुळे रक्त कमी दिसतं, आजार मात्र आत वाढतच असतो. आता माझा नेम ठरलाय: सॉफ्ट ब्रश, दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं, रात्री फ्लॉस. लोकल चुकली तर पुढची मिळते, दाढ नाही मिळत!